पंप गार होईस्तोवर

शेवगावहून नगरला निघालेल्या एसटीत मागच्या बाकावर एक आई आणि तिची नेमबाज लेक बसली होती. पायाशी हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलची लांब पेटी. त्यांच्या पुढच्या बाकावरच्या निवेदिताला चोरून ऐकायची खोड नव्हती. तरी तिनं मोबाईलवरची गाणी बंद केली.

“आये, नगरच्या क्लबात मशीननं कोरडी हवा भरून देत्यात. आता तुला पंप मारायला नको.”

“मी काय दमले व्हय? घाईनं मारला की पंप तापतो, अन् हवेतलं पानी रायफलीत जातं. आतून गंजली म्हंजी?”

“म्हनून तर तू मधी मधी थांबायचीस.”

“गार होईस्तोवर बसावंच लागतं. तुजी आजीबी तवा ऊठ म्हनायची न्हाई.”

“अन् मी तुला शाळेतलं सांगत बसायचे.”

“तेवढंच काय ते माझं बसनं हुतं बाई. लई उपकार त्या पंपाचे. आता कुनाला देऊन टाकू का?”

कंडक्टर तिकिटं देऊन पुढं गेला.

“नको देऊ. सुट्टीला येताना मी रायफल रिकामीच आनीन. हवा तूच भर.”