बटणाची शाळा

आम्ही मूळचे निपाणीकडचे शिंपी. आजोबा मशीन डोक्यावर घेऊन बेंगळुरात आले आनि चामराजपेटेत ही एवढी खोली धरली, पुढं दुकान, मागं घर. मी इथंच जन्मले, इथंच सुई धरली, आता इथंच केस पांढरे झाले. अप्पा, म्हणजे माझे वडील, शाळांचे युनिफॉर्म शिवायचे. काय सांगू तुम्हाला, शाळा सुरू व्हायच्या दिवसांत हितं निळ्या फ्रॉकांचा ढीग लागायचा, सगळ्या पेटेतल्या पोरी मापं द्यायला यायच्या, मी त्यांच्या फ्रॉकांची काजं करत बसलेली, आनि मला मात्र शाळा न्हाई.

का न्हाई? आई माझ्या लहानपणीच गेली, काजं करायला एक हात पाह्यजे व्हता, दुसरं काय! पण असं कोण कबूल करतंय. अप्पा गिऱ्हाइकाला सांगायचे, माझ्या पोरीची शाळा घरातच हाय, मास्तरांना जमत न्हाई ते मी टेपवर शिकवतो. आनि शिकवलं बगा, खोटं कशाला बोलू. बटणांवर बेरीज-वजाबाकी, टेपवर पाढे, कापडाच्या घड्या घालून पाव आनि अर्धा, खडूनं चिंधीवर मराठी, बसच्या पाट्यांवर कन्नड. तुम्ही मघाशी मोबाइलात दाखवलंत ना, घरातल्या वस्तूंनी मुलांना घरीच शिकवा म्हणून, त्यासाठीच लेकीला मूठभर बटणं मागायला आलात ना, अगदी तसंच. शेजारची गौरक्का म्हणायची, बाप असावा तर असा.

गौरक्काला आतलं काय ठावं. चुकलं की बटण तोंडात. जिभेखाली धरायचं, बरोबर उत्तर चिंधीवर लिहून दाखवंपर्यंत काढायचं न्हाई, तोवर जेवण न्हाई, पाणी न्हाई. लाळ गळून फ्रॉक खराब झाला तर त्याचा मार वेगळा. एकदा माझ्याच वयाची पोर माप द्यायला आली, तिनं मला नाव विचारलं, माझ्या तोंडात बटण. अप्पा हसत म्हणाले, मुकी हाय ती.

मग मी चोरून उरलेल्या तुकड्यांचा एक फ्रॉक शिवला, माझ्या मापाचा. अप्पांनी बघितला, उलटा करून बघितला, म्हणाले, शिलाई चांगली हाय, आता उसव, उसवायला पण शिकलं पाह्यजे, आनि धागा तुटता कामा नये. उसवला. धागा तुटला न्हाई.

माझं लग्न त्यांनी केलं न्हाई, कसं करणार, मग काजं कोण करणार! ते जाऊ द्या. मागच्या वर्षी अप्पांना लकवा झाला, उजवा हात गेला, वाचा गेली. दवाखान्यात बोलायला शिकवणारी एक पोर हाय, चांगली पोर, ती म्हणाली, अक्का, घरातल्याच वस्तू घ्या, चमचा, कंगवा, बटण, नाव म्हणायला लावा, मग हातात द्या, रोज स्वल्प स्वल्प शिकवा. मला हसूच आलं. सरी, बरं म्हटलं, ही शाळा मला येते.

आनि शिकवलं. तहान लागली तर पाणी म्हणा. म्हणत न्हाई? मग तांब्या समोर, मी काजं करत बसलेली, होऊ दे दुपार. ओठ सुकले तरी मी उठले न्हाई. एक दिवस म्हणाले, पाणी. आता तेवढा एकच शब्द हाय, चमच्याला पाणी, कंगव्याला पाणी. गौरक्का म्हातारी झाली, तरी दारात उभी राहून म्हणते, लेक असावी तर अशी.

परवा मी निळा फ्रॉक धरला त्यांच्यापुढं. हे काय अप्पा? पाणी. नीट बगा, हे घालून पोरी कुठं जातात? पाणी. मला शाळा एवढा एकच शब्द पाह्यजे व्हता त्यांच्या तोंडातनं, दुसरं काही नको. परत विचारलं, ओरडून विचारलं. तर त्यांनी डावा हात बटणांच्या डब्यात घातला, बटण उचललं आनि आपल्या हातानं जिभेखाली ठेवलं. तोंड मिटून ताठ बसले, मी बसायची तसे.

वाईट वाटलं म्हणून सांगू? न्हाई. बरं वाटलं. बसू दे म्हटलं, हातातलं काज पुरं केलं. मग लाळ हनुवटीवरनं गळायला लागली, ठसका लागला, आनि त्यांना नीट गिळता येत न्हाई म्हणून दवाखान्यातल्या पोरीनं बजावलं व्हतं. काढा म्हटलं, तर मान हलवतात. बोट घातलं, तर दात घट्ट. उत्तर बरोबर आल्याशिवाय काढायचं न्हाई, नियम त्यांचाच. शेवटी मीच म्हटलं, बरोबर हाय अप्पा, हे पाणीच हाय, पास झालात. तेव्हा तोंड उघडलं. बटण माझ्या तळहातावर टाकलं आनि काय हसले हो! मला कधी पास म्हटलं न्हाई त्यांनी, एकदा पण न्हाई.

डबा आता माळ्यावर टाकलाय. फ्रॉक उद्या परत धरणार, सोडणार न्हाई मी, आता ते हायत तोवर हे असंच चालायचं. घ्या, ही तुमची बटणं. लेकीला खूप शिकवा, सुखात राहू दे ती. कोटाची बटणं हायत, मुद्दाम मोठी निवडलीत, जिभेखाली बसत न्हाईत. मी घालून बघितलंय.