ज्ञानेश्वरी गर्जे हिला वडिलांच्या ताब्यात न दिल्याबाबत

जबाब. दिनांक १० एप्रिल २०२६, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे.

मी आक्काबाई हनुमंत ढाकणे, वय ५२ वर्षे (आधार कार्डावर ४९ आहे, ते चुकीचे आहे), शिक्षण तिसरी, धंदा अंगणवाडी मदतनीस, राहणार खडकवाघळी, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर. पोलीस दूरक्षेत्रात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे की,

मी वरील पत्त्यावर नवरा, मुलगा, सून व नातू यांच्यासह राहते. गावच्या अंगणवाडीत मी एकोणीस वर्षांपासून मदतनीस आहे. पोरांना घरून आणणे, घरी पोचवणे, झाडलोट, पाणी भरणे व खाऊ वाटणे ही माझी कामे आहेत. सध्या उन्हाळ्यामुळे अंगणवाडी सकाळी आठ ते बारा असते.

गावातील ऊसतोड कामगार गोरक्ष सूर्यभान गर्जे, वय २९, याच्या नावाने दिनांक ७ रोजी दिलेला अर्ज मला आत्ता वाचून दाखवला. अर्जात असे आहे की, अंगणवाडी सेविका रेश्मा अंगद बटुळे यांनी त्याची मुलगी ज्ञानेश्वरी, वय साडेतीन, हिला डांबून ठेवले, बापाच्या ताब्यात दिले नाही, चारचौघांत त्याचा अपमान केला, मदतनिसीने खराट्याने मारहाण केली, सबब बाईंना कामावरून काढावे. अर्जाची एक प्रत बालविकास प्रकल्प कार्यालयातही गेली आहे. यातले खराट्याचे तेवढे खरे आहे. बाकीचे कसे खोटे आहे ते सांगते. ते सगळे लिहून घ्या, थोडक्यात लिहू नका.

अर्जात असेही आहे की, बाईचे काम खिचडी वाटण्याचे आहे, पोर कोणाचे हे ठरवण्याचे नाही. हे ज्याने लिहिले त्याने अंगणवाडीचा उंबरा कधी ओलांडलेला नाही. बाईंकडे सत्तावीस पोरं आहेत. सकाळी त्या एकेकाला नावाने हाक मारून आत घेतात. कोण उपाशी आले, कोणाचे अंग गरम आहे, कोणाच्या पाठीवर वळ आहेत, हे त्या उंबऱ्यातच बघतात. मग गाणी, गोष्टी, मणी ओवणे, रेघोट्या. महिन्याला वजन आणि उंची. गरोदर बायांच्या घरी जाणे, लशीच्या दिवशी पोरं गोळा करणे, मधेच कुठला तरी सर्व्हे आला की तो वेगळा. आणि बारा वाजता प्रत्येक पोर त्याच्या माणसाच्या हातात देणे. बाई मला म्हणतात, "आक्का, शिकवलेलं पोरं विसरली तरी चालेल. पोर कोणाच्या हातात दिलं ते आपण विसरायचं नाही."

आता सरकारचेच बघा. घरी न्यायच्या खाऊचे पाकीट द्यायचे तर आधी मोबाईलमध्ये तोंड दाखवावे लागते. मोबाईलने तोंड ओळखले नाही तर पाकीट देता येत नाही. बाई लेकुरवाळ्या बायांना उन्हातून सावलीत अन् सावलीतून उन्हात उभे करतात, तेव्हा कुठे तो मोबाईल व्हय म्हणतो. शंभराच्या पाकिटाला ओळख लागते, आणि पोटची पोर ओळख पटल्याशिवाय द्यायची, असे म्हणणे असेल तर तसे लेखी द्या.

रेश्माबाई गेल्या डिसेंबरपासून आमच्याकडे आहेत. सासर आमच्याच गावचे, पण नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षे पुण्यात होत्या. गेल्या दिवाळीनंतर गावात राहायला आल्या. तोपर्यंत उसाच्या टोळ्या कारखान्याला गेलेल्या होत्या. त्यामुळे टोळीतली माणसे त्यांनी पाहिलेली नाहीत, हे नोंद करा.

आल्या आल्या बाईंनी एक वही केली. एका पोराला एक पान. पोराला न्यायला कोण कोण येणार, त्यांची नावे व अंगठे त्या पानावर. आणि वर आणखी एक नियम. माणूस दारात आला की बाई पोराला विचारतात, "हे कोण?" पोराने आई, आजा, चुलती, काय असेल ते सांगायचे. मग द्यायचे. जानेवारीत माझ्या सख्ख्या नातवाला, ओंकारला, मी बिस्कीट दिले नाही म्हणून तो रुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "कोन न्हाई." मी तिथे कामाला, सगळे गाव मला ओळखते, तरी बाईंनी मला वीस मिनिटे पायरीवर बसवले. मी त्यांना शिव्या दिल्या, त्यांनी ऐकून घेतल्या. शेवटी पोरगे हसले आणि "आज्जी" म्हणाले, तेव्हा दिले. नियम सर्वांना सारखा आहे, एवढ्यासाठी हे सांगितले.

ज्ञानेश्वरीच्या पानावर दोन नावे आहेत. तिची आजी बनुबाई सूर्यभान गर्जे हिचे आणि माझे. बापाचे नाव नाही. बाईंनी डिसेंबरात मला विचारले होते, "वडिलांचा फोटो मिळेल का?" मी म्हणाले, "बाप येतोय चैतात. तवाचं तवा बघू, कशाला पान भरवता?" ते पान माझ्या सांगण्यावरून तसे राहिले. पोरगी म्हातारीपाशीच ठेवून जा, हेही गोरक्षला व त्याची बायको पूजा हिला मीच सांगितले होते, गेल्या साली आणि यंदा, दोन्ही साली. कोणाची चूक लिहायचीच असेल तर ही लिहा.

दिनांक ६ एप्रिल, सोमवार. सव्वादहाच्या सुमारास राम नावाच्या पोराला ताप चढला म्हणून मी त्याला कडेवर घेऊन त्याच्या घरी पोचवायला गेले. मी नसताना टोळीचा ट्रॅक्टर गावात आला. दोन ट्रॉल्या, त्यात माणसे, भांडी, कोपीचे म्हणजे खोपटाचे बांबू, कोंबड्या. तो अंगणवाडीसमोर लिंबाखाली थांबला. पूजा वाटेत माहेरी उतरली होती. गोरक्ष घरी न जाता तसाच उतरून अंगणवाडीच्या दारात गेला. त्याची दाढी छातीला लागत होती, तोंड उन्हाने करपलेले होते.

पुढची चार वाक्ये मला बाईंनी सांगितलेली आहेत, मी पाहिलेले नाही. तसे लिहा. गोरक्ष म्हणाला, "ज्ञानूला घ्यायला आलोय. मी तिचा बाप." बाईंनी पोरीला विचारले, "ज्ञानू, हे कोण?" पोरगी त्याच्याकडे बघून म्हणाली, "कोन न्हाई," आणि परत मणी ओवायला बसली. बाई म्हणाल्या, "दादा, रागावू नका. घर दहा मिनिटांवर आहे, आजींना घेऊन या. नाहीतर इथं बसा, पाणी घ्या, आमच्या आक्का येतीलच."

इथून पुढचे मी डोळ्यांनी पाहिले. मी हातपंपापाशी आले तेव्हा पावणेअकरा झाले असतील. ट्रॉलीतून हसण्याचा आवाज आला म्हणून मला बरे वाटले, की टोळी आली. मग दार दिसले. बाई दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या होत्या. गोरक्ष म्हणत होता, "माझ्या लेकीसाठी मला साक्षीदार लागतो व्हय?" ट्रॉलीतून कोणी ओरडले, "अरं गोरख, कोपीवर रोज लेकीचं सांगत हुतास, लेक तर तुला चुलता बी म्हनंना!" कोण ओरडले ते मला माहीत आहे, पण त्याची आई आजारी आहे, म्हणून नाव सांगत नाही.

बाईंनी मागे वळून पुन्हा विचारले. चांगल्यासाठीच विचारले, पोरीला आठवावे म्हणून. "ज्ञानू, तुझे पप्पा कुठं असतात?"

पोरगी म्हणाली, "आज्जीच्या फोनमधी."

बनुबाईकडे बटणांचा साधा फोन आहे. त्यात तोंड दिसत नाही.

ट्रॉलीतले सगळे हसले. तेव्हा गोरक्षने बाईंना दोन्ही हातांनी ढकलले. बाई उंबऱ्यावर उजव्या हातावर पडल्या. मोडल्याचा आवाज मला पंपापर्यंत आला. गोरक्ष आत गेला, पोरीला उचलले, ती त्याच्या हाताला चावली. ते चावल्याचे अर्जात नाही, कारण सांगायची लाज वाटली असेल. सगळी पोरं रडायला लागली.

अंगणवाडीचा खराटा दाराला टेकवलेला असतो. मी पळत जाऊन तो त्याच्या पाठीत मारला. तीन वेळा. अर्जात दहा-बारा वेळा लिहिले आहे. तीन. मी म्हणाले, "मुडद्या, कुनाला ढकलतो?" तो म्हणाला, "आक्का, माझी हाय ती." मी म्हणाले, "तुझी हाय हे मला म्हाईत हाय रं, तिला कुठं म्हाईत हाय!" चौथ्यांदा खराटा उगारला होता. पण तो रडत होता म्हणून मारला नाही.

त्याने पोरीला खाली ठेवले. त्याच्या हातात एक पिशवी होती, ती सांडली. त्यात गुलाबी फ्रॉक आणि चपलांचा जोड होता. चपला दोन वर्षांच्या पोरीच्या मापाच्या होत्या.

बाई उंबऱ्यावरच बसून होत्या. मला म्हणाल्या, "आक्का, हे वडीलच का?" मी व्हय म्हणाले. बाई म्हणाल्या, "मग ओळख पटली. पण अशी रडत द्यायची नाही. आजींना बोलवा." मी बनुबाईला बोलावून आणले. बाईंनी आजी येईपर्यंत मुलीस सांभाळून ठेवले, मोडका हात मांडीवर घेऊन. अकरा पस्तीसला पोरगी "आज्जी" म्हणून पळत गेली. बनुबाईचा अंगठा त्याच पानावर आहे, वही आणली आहे, बघा. त्यानंतर बाईंना जीपने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. मनगटाची दोन हाडे मोडली आहेत, सहा आठवडे प्लास्टर आहे. बाईंनी तक्रार दिलेली नाही. तुम्हाला दवाखान्यातून कळवले गेले.

दिनांक ७ रोजी संध्याकाळी टोळीचा मुकादम राधाकृष्ण माझ्या घरी आला. म्हणाला, "आक्का, तू गावची. बाई काय, आज हाय, उद्या पुन्याला जाईल. तू फकस्त म्हन, बाईनं पोरगी डांबली. तुझं खराट्याचं आपन अर्जातनं काडून टाकू." मी म्हणाले, "खराट्याचं ऱ्हाऊ दे. अजून दारातच हाय त्यो." तो चहा न घेता गेला. मी विचारलाही नव्हता.

दिनांक ८ रोजी बाई गळ्यात हात अडकवून आठच्या आत हजर होत्या. त्यांनी बनुबाईपाशी निरोप दिला, की पोरीच्या वडिलांना रोज येऊन बसू द्या. मला हे पटले नव्हते. मी म्हणाले, हात मोडणाऱ्याला पाट मांडता का? बाई म्हणाल्या, "आक्का, पोरीला बाप ओळखीचा करून देणं कोणाचं काम?" मी म्हणाले, आपले नाही. त्या म्हणाल्या, "मग कोणाचं आहे ते सांगा, त्यांना बोलावू."

गोरक्ष त्याच दिवशी आला. दाढी काढून आला. पायरीवर बसला. पहिल्या दिवशी हलला नाही. बारा वाजता बाईंनी विचारले, "ज्ञानू, हे कोण?" पोरगी माझ्या लुगड्यामागे लपली. काल त्याने न सांगता पाण्याचे दोन ड्रम भरले. पोरांनी त्याच्यापुढे मणी टाकले, ते त्याने ओवले. कोयता धरून बोटे जाड झालेली, मण्याच्या भोकात दोरा जाईना, पोरं त्याला "असं न्हाई, असं" करून शिकवत होती. बारा वाजता पोरगी त्याच्याकडे बघत राहिली. निघताना तो मला म्हणाला, "आक्का, अर्ज मुकादमानं लिवला. मी नुसती सही केली." मी म्हणाले, "मंग हे मला काय सांगतो? ठान्यात जाऊन सांग. तुझ्या सहीनं बाईची नोकरी जाईल." तो येतो म्हणाला. आला का ते तुम्हाला माहीत.

आज बारा वाजता बाईंनी विचारले, "ज्ञानू, हे कोण?" पोरीने आज मोठ्याने सांगितले.

"बाईन्ला पाडलं, त्यो."

बाईंनी पोरगी दिली नाही. गोरक्षही हात पुढे न करता पायरीवर बसून राहिला. बनुबाई आली, पोरगी तिच्याबरोबर गेली. तो मागून, दहा पावले सोडून. जाताना थांबून बाईंना म्हणाला, "उद्या किती वाजता येऊ?" बाई म्हणाल्या, "आठला या. पोरं येतात तेव्हाच."

उद्या आठला बाई अंगणवाडीत असल्या पाहिजेत. त्यांच्या जागी दुसरी कोणी आली तर या पोरीला "हे कोण?" असे रोज विचारणार कोण, ते अर्ज लिहिणाऱ्याला विचारा. माझे एवढेच म्हणणे आहे.

वर लिहिलेले हवालदार साहेबांनी मला मोठ्याने दोनदा वाचून दाखवले. एके ठिकाणी "मुलीस अडवून ठेवले" असे होते, ते मी खोडायला लावून "मुलीस सांभाळून ठेवले" असे करून घेतले आहे. खराट्याचे आहे तसे ठेवले आहे. आता मी सांगितले तसेच आहे. अंगठ्याला शाई लावत होते, पण मला सही येते.

सही
आक्काबाई हनुमंत ढाकणे