दाराला हँडल नाही

गाड्यांच्या प्रदर्शनात, डोंगरदऱ्या पालथ्या घालायला बनवलेली विजेवरची आलिशान गाडी बघायला दीनानाथ रांगेत उभे होते. पुढच्या बाई तिथल्या मुलीला विचारत होत्या.

“दाराला हँडल नाही?”

“काकू, भविष्यातली गाडी आहे. हात दाखवला की उघडतं.”

“आणि बॅटरी संपली तर?”

“तशी वेळ येणार नाही.”

“माझा मुलगा सलिल उद्या अशीच गाडी घेऊन चाचणीसाठी लडाखला निघालाय. एकटा. आतून कसं उघडायचं?”

“मला... विचारावं लागेल.”

“विचारा. तोवर मी आत बसते. दार लावा आणि बॅटरी बंद करा.”

“काकू, अहो!”

“करा म्हणते ना.”

दार मिटलं, दिवे गेले. काचेआड बाई सीटखाली चाचपडू लागल्या. दीनानाथ रांग सोडून काचेजवळ गेले. बऱ्याच वेळाने त्यांनी सीटखालची एक दोरी ओढली आणि खट्‌कन दार उघडलं. घामाघूम बाईंनी आधी फोन लावला.

“सलिल, कागद-पेन घे.”