मी म्हटलेलं ‘चालेल’

काका, काकू, आणि ॲन आर्बरच्या या बर्फातून आलेले तुम्ही सगळे. याच बर्फावर गेल्या आठवड्यात ओंकारची गाडी घसरली, आणि तो गेला. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहून आणलंय. तरीही अवघड जातंय.

ओंकार व्यावसायिक बेसबॉलमध्ये पिचर होता. सहा हंगाम खालच्या लीगमध्ये खेळला. काका चिडवायचे, "अरे, टप्पाच पडत नाही, ही कसली बोलिंग?" तो म्हणायचा, "बाबा, तुमच्यात तो फुलटॉस. आमच्यात त्यालाच टाळ्या."

मी त्याच्या संघात इंजिनिअर होते. तो चेंडू फेकायचा, मी मशीनवर त्याच्या हाताची हालचाल मोजायचे. मराठी बोलणारे आम्ही दोघंच. इतरांना कळू नये असं काही असलं, की मराठीत.

त्या दिवशी सामन्याआधीच्या सरावात त्याचं कोपर दुखलं. तो म्हणाला, "ताई, डॉक्टरला नको सांगू. आज वरच्या लीगचे लोक बघायला आलेत. तू आकडे चेक कर आणि सांग. खेळू?"

आकडे वाईट होते. दर चेंडूला कोपर आणखी खाली येत होतं. मी ते पाहिलं. आणि म्हणाले, "चालेल."

माझ्या मनात होतं, आजचा दिवस कसाबसा भागेल. पण तो इथे अमेरिकेत वाढलेला. काकू विचारायच्या, "खिचडी टाकू?" तो म्हणायचा, "चालेल." त्याच्या मराठीत चालेल म्हणजे हो. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं.

तिसऱ्या इनिंगमध्ये कोपरातला लिगामेंट तुटला. तो पुन्हा कधीच व्यावसायिक सामना खेळला नाही.

काका, तुम्ही माझ्यासमोर त्याला म्हणालात, "मशीन सांगत होतं, तू ऐकलं नाहीस." मग माझ्याकडे वळलात. "पोरी, तू तरी सावध केलं असशील."

मी उत्तर द्यायच्या आत तोच म्हणाला, "हो बाबा. ताईनं सांगितलं होतं."

मी गप्प बसले. नंतर दर दिवाळीला तुमच्याकडे जेवले, आणि गप्प बसले.

काका, मी सावध केलं नव्हतं. त्यानं ऐकलं होतं. माझंच ऐकलं होतं. हे तो असताना, त्याच्यासमोर, तुम्हाला सांगायला हवं होतं.

आता आपण दोन मिनिटं त्याच्यासाठी शांत उभे राहू. काका, तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही बसून राहिलात तरी...

बसा, काका. तुम्ही बसा.