हक्कसोडीचा धडा

रजिस्ट्री ऑफिसात माझ्या शेजारच्या बाकावर एक आजी आणि कॉलेजचं पुस्तक उघडून बसलेली तिची नात नंबराची वाट बघत होत्या.

"काय वाचतीस एवढं?"

"बीबीएचा रिअल इस्टेटचा पेपर आहे उद्या. हक्कसोड काही डोक्यात शिरत नाहीये, आजी. कागदात जो 'लिहून देणार' असतो तो जमिनीतला आपला हिस्सा सोडतो, 'लिहून घेणार' असतो त्याला तो मिळतो. आणि मोबदला शून्य! असं फुकट कोण सोडेल?"

"मी सोडली की. कासारवाडीची, स्टेशनाजवळची."

"तू? का?"

"भाऊ म्हनला, साक्षीदार म्हनून सही पायजे. आदल्या दिवशी हिरवी साडी घिऊन आला व्हता. लई बरं वाटलं."

"आजी, फसवलं तुला!"

"आगं, भाऊ हाय त्यो. दिवाळीला अजून न्यायला येतो."

"मग ही फसवणूक की माया? पुस्तकात असलं काहीच नाहीये."

"तुझं काय काम हाय आज हितं?"

"माणची जमीन दादाच्या नावावर करतायत ना. पप्पा म्हणाले, साक्षीदार म्हणून चल."

"साक्षीदार त्ये दोघं. तुझ्या बापासंगं भाईर च्या पित्यात."

"मग मी कोण?"

आतून शिपायानं हाक मारली, "लिहून देणार, तनुजा बबन गवारे!"

"आजी, चुकलं असेल ना त्यांचं?"

"ह्यो मोबाईल नवा दिसतोय."

"हो. पप्पांनी आणला."

"कधी?"

"काल."