मेंढराच्या वासाचं घोंगडं

भाऊजी, आधी ती खुर्ची मागं घ्या!

हसू नका मंडळी, हसायला पुढं बरंच आहे. सगळं गाव जमिनीवर बसलंय. सरपंचबाई जमिनीवर बसल्यात. आणि आमचे धाकटे दीर रंगनाथशेठ, तालुक्याला चादरी-घोंगड्यांचं मोठं दुकान, हे तेवढे खुर्चीवर! का? तर गुडघा दुखतो. आणि काल पंगतीत मांडी ठोकून पोळीवर पोळी वाढून घेताना तो गुडघा कुठं गेला होता? देवदर्शनाला?

बरं, खुर्चीचं सोडा. ह्या चैत्राच्या सप्त्याला त्यांनी खंडेरायाला घोंगडं वाहिलं. हे बघा, माझ्या पायाखाली अंथरलंय. कोपऱ्यात काय लिहिलंय? दुकानाचं नाव, खाली फोन नंबर! का हो भाऊजी, देव फोन करणार होता?

तेही सोडा! पण काल भरल्या पंगतीत हे काय म्हणाले? "वहिनींची सून फोनवर दुकान मांडून बसलीय. बायकांना माल कुठून उचलायचा ते काय कळतंय?" मी वाढत होते, ऐकलं. तूप जरा जास्तच वाढलं त्यांना. आणि मनात म्हटलं, थांबा, उद्या काल्याचं कीर्तन माझंच आहे!

वाजवा हो पखवाजवाले! बोला, येळकोट येळकोट जय मल्हार!

तर मंडळी, ऐका. आज पुराणातलं आख्यान नाही. मी चौथीत शाळा सोडली, जे शिकले ते ह्या देवळाच्या ओट्यावर. म्हणून साधाच प्रश्न विचारते. विकणाऱ्यानं माल शोधायला निघावं, तेव्हा आधी काय शोधावं? भाव शोधावा, की हात शोधावा? कुणाचा हात? अहो, ज्यानं ती वस्तू केली त्याचा! बघा, सगळे गप्प झाले. भाव म्हटलं असतं तर निम्मं देऊळ बोललं असतं.

आमची सून हर्षदा. ती बघा, खांबाला टेकून बसलीय, आता मान खाली घातली. वर कर गं मान! हिला आलं मनात, आपण फोनवर काहीतरी विकावं. पण विकावं काय? साड्या विकणाऱ्या बायका गल्लीगल्लीत. मसाले विकणाऱ्या त्याहून जास्त. हिनं काय केलं? यात्रेत उभी राहिली. शहरातनं आलेली माणसं काय विचारतात ते नुसतं ऐकत राहिली. आणि जो तो विचारतोय, "खरं घोंगडं कुठं मिळतं हो इथं?" झालं! घरी येऊन म्हणाली, "आई, मी घोंगडी विकणार."

मी म्हटलं, "विक. पण आणणार कुठनं?"

इथंच मेख आहे मंडळी! विकायला तोंड लागतं, ते आमच्या घरात सगळ्यांना आहे. आणायला डोळे लागतात! हिनं फोनमध्ये शोधलं. ह्याचा माल, त्याचा माल, शंभर व्यापारी. आणि गंमत सांगू? सगळ्यांचा फोटो एकच! तेच घोंगडं, तीच घडी, आणि वर ठेवलेलं तेच गुलाबाचं फूल! मी म्हटलं, "अगं, हे फूल तरी वाळू दे एकदा!"

मग म्हणाली, बाहेर कशाला, घरचेच काका आहेत की. गेली भाऊजींच्या दुकानात. तिथं घोंगड्यांची थप्पी छताला लागलेली.

"काका, ही हातमागाची ना?"

"अगं, हातमागाचीच! काकावर विश्वास नाही?"

"यात्रेत एक गिऱ्हाईक म्हणत होतं, वास नको."

"वास? नाक खुपसून बघ! नावाला वास नाही!"

नसणारच! त्या मालानं मेंढरू कधी बघितलंच नव्हतं!

पण पोरगी भोळी. चुलतसासऱ्याचा शब्द तिला देवाचा वाटला. फोटो टाकले. खाली लिहिलं, 'हातमागाचं, अस्सल, वास नसलेलं.' आणि खपलं हो! इथं चूक कुणाची? काकांची? आहेच. पण मी माझ्या सुनेलाही सोडणार नाही. मेंढराच्या अंगावरची वस्तू मागायची आणि मेंढरू नको म्हणायचं? ताक प्यायचं आणि आंबट नको?

आता ऐका. ठाण्याहून एका बाईचा फोन आला. अलकाताई नाव. आवाज असा दबका, मागं कुणी झोपलेलं असावं तसा. म्हणाल्या, "हर्षदाताई, मी भांडायला फोन केला नाही. माझे वडील अंथरुणाला खिळलेत. जन्मभर मेंढरं राखली त्यांनी. आता आमच्याकडं फ्लॅटमध्ये आहेत. खाणं सोडलंय. महिनाभर एकच मागत होते, 'मला माझं घोंगडं द्या.' म्हणून तुमच्याकडनं मागवलं. त्यांच्या अंगावर घातलं. त्यांनी नाकाला लावलं..."



"मग?" हर्षदा म्हणाली.

"मग ते अंगावरनं ढकललं. 'हे मेंढरू न्हाई' म्हणाले. आणि भिंतीकडं तोंड केलं. कालपासनं ते तोंड इकडं वळवत नाहीत हो."

ऐकलंत मंडळी? अलकाताईंच्या वडिलांना, त्या धुळाजीबाबांना, फोटो दाखवता आला असता का? भाव सांगता आला असता? माणूस निघालाय, आणि निघताना त्याला त्याच्या कळपाचा वास हवाय. आणि आपण काय पाठवलं? गिरणीचा धागा!

हर्षदा उठली ती सरळ दुकानात. "काका, खरं सांगा."

काका गल्ल्यावर. काय म्हणाले? सांगू का भाऊजी? सांगतेच! म्हणाले, "अगं, बाहेरच्या गिरणीचा माल आहे, सगळे तोच विकतात. शहरातल्या माणसाला काय कळतंय? आणि तूच म्हणालीस ना, वास नको? फोटो झकास टाक, वर एक फूल ठेव!"

ते फूल! तेव्हा कळलं ते कुठल्या बागेतलं होतं!

पोरगी घरी आली. मला वाटलं आता रडेल. नाही रडली. फोन काढला, आणि फोनवरच्या ज्या दुकानाची तिनं वर्षभर निगा राखली त्याच दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या हातानं लिहिलं: 'मी विकलेली घोंगडी हातमागाची नव्हती. मला फसवलं गेलं, आणि माझ्याकडनं तुम्ही फसलात. ज्यांना परत करायची त्यांनी करावी.'

काका धावत आले. "बुडवलास धंदा! कुणी असं लिहितं का? डोकं फिरलं का तुझं?"

मी चुलीपाशी होते. मी म्हटलं, "फिरलं नाही भाऊजी, ताळ्यावर आलं!"

पार्सलं परत यायला लागली. घराची ओटी गठ्ठ्यांनी भरली. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. मी त्या गठ्ठ्यांवर बसून भाजी निवडायचे. कुणी विचारलं, "काय हो हे?" तर म्हणायचे, "दिराची कृपा!"

पण धुळाजीबाबांचं तोंड अजून भिंतीकडंच होतं ना! ते वळवायचं कसं?

हर्षदा निघाली वाडीवाडीनं. सणगर शोधायला. सणगर म्हणजे लोकरीची घोंगडी विणणारे, आपल्याकडं पूर्वी प्रत्येक वाडीला होते. आता? कुणाचा माग सरपणात गेला, कुणाचा पोरगा कंपनीत गेला. शेवटी डोंगरापलीकडं एका वाडीवर सिदूअण्णांचं घर सापडलं. अंगणात त्यांच्या घरच्या म्हाकूबाई चिंचा फोडत बसलेल्या. हर्षदानं काय करावं? नमस्कार नाही, चमत्कार नाही, पिशवीतनं फोन काढला आणि, "मावशी, होलसेल भाव काय? फोटो काढू का?"

म्हाकूबाई उसळल्या! "फोन आत घाल आधी! फोटू काढाय येत्यात, नक्षी घिऊन जात्यात, आन गिरनीत तसलंच छापून इकत्यात! आमाला काय, नुसतं बघाय ठिवलंय? जा, न्हाई इकायचं आमाला!"

आतनं सिदूअण्णांचा मागाचा ठोका बंद झाला. दार लागलं.

आता तुम्ही असता तर? वळला असता, शिव्या घालत गेला असता. हिलाही जायचंच होतं, पण जाणार कशानं? वडापची जीप संध्याकाळी. डोक्यावर ऊन, अंगणात एक चिंचेचं झाड, आणि झाडाखाली ती संतापलेली म्हातारी. बसली हर्षदा समोर. एक दगड घेतला, आणि फोडायला लागली चिंचा. गर एकीकडं, चिंचोके एकीकडं. टक, टक, टक.

बऱ्याच वेळानं म्हाकूबाई म्हणाल्या, "कशापायी फोडतीस?"

"नुसतं बसून काय करू मावशी?"

"हात काळं हुतील."

"होऊ देत. घरी सासूनं कधी गोरे म्हटलेच नाहीत."

मंडळी, तिथंही माझी निंदा! पण म्हाकूबाई हसल्या. आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "आगं, पूर्वी ज्याला घोंगडं पायजे त्यो चिंचोकं घिऊन यायचा. चिंचोक्याची खळ लावल्याबिगर घोंगडं ताठ हुतंय व्हय? ज्याचं घोंगडं, त्येचं चिंचोकं. आता येत्यात ती फोनच घिऊन येत्यात. तू यडी, हितंच बसून फोडलंस!"

मग हर्षदानं सांगितलं. धुळाजीबाबांचं. अंगावरनं ढकललेलं घोंगडं, ते भिंतीकडं वळलेलं तोंड.

म्हाकूबाईंनी दगड खाली ठेवला. आत हाक मारली, "आवं! त्ये वर टाकलेलं काळं घोंगडं घ्या खाली!"

"त्ये आपल्या शेवटासाठी ठिवलंय न्हवं?" आतनं आवाज.

"आपुन हाय अजून हिंडतंफिरतं! घ्या म्हनते ना!"

काळ्या लोकरीचं घोंगडं खाली आलं. हर्षदानं फोडलेल्याच चिंचोक्यांची खळ त्याला लागली. खळ उकळली, कुंच्यानं चोपडली, घोंगडं उन्हात ताणलं. त्या दिवशीचं वडाप गेलं निघून, पोरगी तिथंच राहिली. भाव? भाव म्हाकूबाईंनी सांगितला, हिनं मान डोलावली. घासाघीस नाही. फोटोही काढला, पण कुणाचा? घोंगडं मांडीवर घेतलेल्या म्हाकूबाईंचा! खाली नाव त्यांचं, सिदूअण्णांचं, वाडीचं. म्हाकूबाई म्हणाल्या, "आता छाप म्हनावं गिरनीत! माझं त्वांड कसं छापत्यात बघू!"

घोंगडं ठाण्याला गेलं. आता श्वास धरा मंडळी.

अलकाताईंनी व्हिडिओ पाठवला. आम्ही सगळ्यांनी बघितला, ह्याच ओट्यावर बसून. बाबा भिंतीकडं तोंड करून. लेकीनं घोंगडं हळूच पाठीवर टाकलं. काही नाही. मग त्यांचा हात हलला. लोकर चाचपली. टोचली बरं का ती! खरी आहे ना! हात तसाच वर गेला, घोंगडं नाकापर्यंत ओढलं. एक श्वास. दुसरा. आणि म्हातारा वळला! इकडं वळला मंडळी! डोळे मिटलेले, आणि जीभ टाळूला लावून अशी हाक घातली, "हुर्र्र, हुर्र्र! काळे, आत चल!" फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर! त्यांची काळी मेंढी कोण जाणे किती वर्षांपूर्वी मेलेली, ती आली! सगळा कळप आला! आणि मग म्हणाले, "भाकर हाय का?"

बोला, येळकोट येळकोट जय मल्हार! अजून मोठ्यानं! ठाण्यापर्यंत जाऊ द्या!

त्यावर मी एक ओवी बांधलीय. माझीच आहे, पोथीत शोधू नका.

*देवा तुझ्या दारी आणलं घोंगडं काळं काळं*
*ज्यानं विणलं त्याचं नाव, सून म्हणे बाकी सारं खुळं*

आवरा टाळ, पुरे! तो व्हिडिओ अलकाताईंनीच पुढं पाठवला. कुठं कुठं गेला देव जाणे. आज त्या वाडीवर जे माग बंद पडले होते ते उठलेत. सिदूअण्णांचा पुतण्या कंपनी सोडून खड्ड्यात पाय सोडून बसलाय, मागाच्या खड्ड्यात हो, घाबरू नका! आणि हर्षदाच्या पाटीवर आता लिहिलेलं असतं, 'घोंगड्याला मेंढराचा वास येईल. ज्यांना चालत नाही त्यांनी घेऊ नये.' आणि माणसं रांग लावतात! वासासाठी!

तर सांगा आता, आधी काय शोधावं? हात! आणि हे फक्त हर्षदाला नाही हं. ए मागच्या बायकांनो, तुम्ही! कुणी फोनवर पापड विकता, कुणी तूप विकता. 'घरचं साजूक' लिहिता. कुणाच्या घरचं? म्हैस कुणाची, घुसळलं कुणी, सांगता येईल? सांगता येत असेल तर नाव लिहा. येत नसेल तर 'बाजारचं' लिहा, त्यात काय लाज? गिरणीचं घोंगडं विकणं पाप नाही. गिरणीला हातमाग म्हणणं पाप आहे. त्या म्हाताऱ्याला नाक होतं म्हणून खोटं सापडलं. ज्यांना नाही, त्यांचं काय?

म्हाकूबाई, उठा! मंडळी, ह्या आजच आल्यात, आणि देवाला घोंगडं घेऊन आल्यात. कोपऱ्यावर फोन नंबर नाही. धरा गं चौघी चार कोपरे, मध्ये झोळ पडू द्या. ओता तांब्याभर पाणी! बघा खाली. पडतंय का थेंब? पाणी आपलं तळ्यासारखं डुलतंय! आता माझ्या पायाखालचं घ्या, देवाला वाहिलेलं. धरा. ओता!

अरे अरे अरे! सरका, भिजाल! देवा, तुझ्या डोक्यावर छप्पर आहे म्हणून वाचलास!

रंगनाथ भाऊजी, उठू नका, कुठं निघालात? माझं झालं नाही. तुम्ही मला धाकटे, मी ह्या घरात आले तेव्हा तुम्ही माझ्या पदराला धरून मागं फिरायचात. म्हणून चारचौघांत सांगते. दुकान चालवा. गिरणीचंच विका, पण पाटीवर गिरणीचंच लिहा. आणि माझ्या सुनेला माल कुठून आणायचा ते कळत नाही, हे पुन्हा बोलायचं नाही, कारण आता तालुक्यात ते तिच्याइतकं कुणालाच कळत नाही, तुम्हालासुद्धा! हर्षदा, ते म्हाकूबाईंचं घोंगडं झटक आणि अंथर इथं, काकांसाठी. खुर्ची न्या हो कुणीतरी. बसा भाऊजी. मांडी घाला, कालच्यासारखी. टोचतंय? टोचू द्या. तुमच्या दुकानातल्या मालाला एवढं कधी जमलं नाही!