डाव्या खुब्यावरची जखम

पुरवणी जबाब, दुपारी ३.१०

नाव व पत्ता कालच्या तक्रारीप्रमाणे. वय २३, शिक्षण बी.ए. (घरात पहिलीच), धंदा परीक्षेचा अभ्यास.

समक्ष हजर राहून सांगते की, माझे वडील शिलाईकाम करत. अकरा महिन्यांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत. देखभालीसाठी दिवसभर एक मावशी येतात. त्यांच्या हयगयीमुळे वडिलांच्या डाव्या खुब्यावर जखम झाली, अशी तक्रार मी काल दिली.

पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, चादरीला चुणी राहू देऊ नये, लाल झालेली जागा चोळू नये, हे मी वाचून काढले व तक्ता करून भिंतीला लावला. मावशींना वाचता येत नाही. त्या कूस वेळेवर बदलत, पण तक्ता न बघता, "चला मास्तर, आता दुसरी बाही लावू," असे म्हणून. वडील हसत. माझ्याशी बोलताना ते हसल्याचे आठवत नाही.

गेल्या महिन्यात कूस बदलण्याचे काम मी स्वतःकडे घेतले. उजव्या कुशीवर वडिलांना स्वयंपाकघराचे दार दिसते. तिथे मावशी असतात. डाव्या कुशीवर माझे टेबल दिसते. तक्त्यात एकही रकाना रिकामा नाही. खुणा माझ्या आहेत. उजव्या कुशीच्या सगळ्या खुणा खऱ्या नाहीत.

शनिवारी मावशींनी मला खुबा दाखवला. बोटाने दाबूनही लाली जात नव्हती. त्या म्हणाल्या, "ताई, कूस तक्त्यावर बदलते, मास्तरांची नाही. त्या अंगाला त्यांना दुखलेलंही कळत नाही." मी म्हणाले, "मला शिकवू नका."

काल तिथली कातडी सोलवटली. डॉक्टरांनी घरी येऊन ड्रेसिंग केले, डाव्या कुशीवर अजिबात निजवू नका म्हणाले आणि कूस कोण बदलते ते विचारले. मी मावशींकडे बोट दाखवले. वडिलांनी मान हलवून 'नाही' म्हटले. त्यानंतर मी थेट इथे ठाण्यात आले.

मावशींविरुद्ध माझी तक्रार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. शेवटी एवढे जोडावे : मावशींना चौकशीला बोलावले आहे, त्या सकाळपासून बाहेर बाकावर बसून आहेत. घरी फक्त शेजारच्या काकू आहेत, त्यांना एकटीला जमणार नाही. चार वाजता वडिलांना उजव्या कुशीवर घ्यायचे आहे. माझ्या सहीसाठी मावशींना थांबवू नये, त्यांना आधी जाऊ द्यावे.